चुकीचा बाण मुलांनाच खोडू द्या

प्रश्न : आठवीला हवामानबदलाचा धडा वाचून होतो, पण मुलांच्या डोक्यात उतरत नाही. गटाने खेळता येईल असा खेळ सुचवाल का? – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : बाई, फ्रान्समध्ये २०१५ साली सेड्रिक रिंगेनबाख यांनी तयार केलेला ‘क्लायमेट फ्रेस्क’ घ्या. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालांवर बेतलेले ४२ पत्ते. पाच-सहा जणांनी मिळून ते मोठ्या कागदावर कारण-परिणाम असे मांडायचे, बाण काढायचे. हारजीत नाही. पूर्ण डावाला तीनेक तास लागतात; मुलांसाठी कमी पत्त्यांचा संचही आहे.

माझ्या वर्गात एका गटाने ‘समुद्रातला बर्फ वितळतो’ इथून थेट ‘समुद्राची पातळी वाढते’कडे बाण काढला. एक मुलगी अडून बसली, पटेना तिला. मग काचेच्या ग्लासात बर्फ टाकून काठोकाठ पाणी भरलं. सगळे डोळे ग्लासावर. बर्फ वितळला, पण पाणी काही सांडलं नाही! पातळी वाढते ती मुख्यतः जमिनीवरचा बर्फ वितळल्याने आणि समुद्राचं पाणी तापून फुगल्याने. तो बाण मुलांनीच खोडला.

तेवढा वेळ गप्प बसणं आपल्याला फार जड जातं, पण बसाच. आणि बाण पेन्सिलीनेच काढायला सांगा.