इफिससला ख्रिस्ती खुणा शोधायच्या तर मान खाली घालून चाला

‘इस्तंबूलहून वाकडी वाट करून इफिससला जावं का? पडके खांब बघून सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल काही कळतं का?’ असं तुम्ही विचारलंय. तुर्कस्तानातल्या या प्राचीन शहराच्या अवशेषांत जरूर जा, पण खांब बघायला नको.

मी गेलो तेव्हा पहिला तासभर फुकट घालवला. सगळी गर्दी सेल्सस ग्रंथालयापुढे असते, मीही तिथेच होतो. देखणं आहे, पण ते रोमन काळातलं, आणि आजची दर्शनी भिंत १९७०च्या दशकात पडलेले तुकडे जुळवून उभी केलेली. मग पायाखालच्या संगमरवरात आठ आऱ्यांचं एक चाक कोरलेलं दिसलं. आयोटा, खी, थीटा, उप्सिलॉन, सिग्मा ही पाच ग्रीक अक्षरं एकावर एक ठेवली की असं चाक होतं. शब्द होतो ‘मासा’, आणि तीच येशूच्या बिरुदांची आद्याक्षरं. (असली काही चाकं नुसते सोंगट्यांचे पट होते, असंही म्हणतात. गाइड ते सांगत नाही!)

थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र निवांत बसा. येशूचा प्रचार करणारा प्रेषित पौल या शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला. त्याच्या शिकवणीमुळे अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा खप बसेल म्हणून देमेत्रिय नावाच्या कारागिराने धंद्यातल्या लोकांना पेटवलं. जमाव इथे घुसला आणि दोन तास देवीचा जयघोष करत राहिला. मला त्यात भक्तीपेक्षा पोटापाण्याची धास्तीच जास्त दिसते. समोर खाली बंदर होतं. नदीच्या गाळाने ते बुजलं, समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला आणि शहर ओस पडलं.

पुढे पारडं फिरलं. कुरेटेस रस्त्यावर सापडलेल्या एका लेखात दिमेआस नावाचा माणूस अभिमानाने सांगतो, की अर्तमीची मूर्ती हटवून आपण तिथे क्रूस उभारला.

खालच्या फाटकाच्या बाजूचं मेरीचं चर्च बहुतेक लोक टाळतात. तुम्ही टाळू नका. बाप्तिस्म्याचं कुंड अजून आहे. इ.स. ४३१ची ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद याच शहरात झाली: मेरीला ‘देवमाता’ म्हणायचं ठरलं आणि ते न पटणाऱ्या, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्ष नेस्टोरियसचं पद गेलं. पुढे ज्या इराणी चर्चला लोक ‘नेस्टोरियन’ म्हणू लागले, तिथून नेमलेला बिशप ‘कल्लियाना’ला असतो, असं सहाव्या शतकात कॉस्मास या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. मी डोंबिवलीचा, त्यामुळे मला हे जरा जास्तच आवडलं.

इझमीरहून अवशेषांजवळच्या सेल्चुक गावापर्यंत रेल्वेने जा. वरच्या फाटकाने शिरलात तर सगळा उतार मिळतो. पाणी आणि टोपी न्या, सावली जवळजवळ नाहीच.