कोकणकड्यावर रात्री दोनला स्पीकर लावणाऱ्यांना काय सांगायचं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात पावसाळी ट्रेकच्या तयारीवर लिहिलं होतं, बूट कुठले, बॅगेत काय काय, वगैरे. पत्रं आली ती मात्र बहुतेक सगळी आवाजाबद्दल. म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतोय.

प्रश्न: आम्ही पाच जण पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. रात्री कोकणकड्याजवळ टेन्टमध्ये झोपलो तर शेजारच्या ग्रुपने ब्लूटूथ स्पीकर लावला तो रात्री दोनपर्यंत. मी जाऊन बोललो तर "डोंगर काय तुझ्या नावावर आहे का" असं ऐकून घ्यावं लागलं. माझ्यासोबत बायको आणि तिची लहान बहीण होती म्हणून वाद वाढवला नाही, पण अजून मनातून जात नाही. अशा वेळी नक्की काय करायचं? (एक वाचक, पुणे)

सगळ्यात आधी, वाद वाढवला नाहीत ते बरोबर केलंत. अंधार, शेजारी कडा, समोरच्यांच्या पोटात काय गेलंय माहीत नाही, अशा ठिकाणी भांडण जिंकून काहीच मिळत नाही.

माझा अनुभव असा की रात्री दोनला बोलून उपयोग होत नाही, संध्याकाळी सहाला बोलून होतो. म्हणजे टेन्ट लावतानाच शेजाऱ्यांकडे जायचं, कुठून आलात, कुठल्या वाटेने चढलात, चहा घेणार का, आणि त्याच ओघात सांगून टाकायचं की आमच्यात दोन जणींना पहाटे लवकर उठायचंय, आम्ही साडेनऊला आडवे होणार, तेवढं जरा सांभाळून घ्या. तोंडओळख झालेल्या माणसाला त्रास देणं बहुतेकांना जड जातं. आणि ज्यांच्याकडे जेवायची सोय केलीय त्या गावातल्या दादांना किंवा ताईंना आधीच विचारून ठेवायचं की कुठल्या बाजूला शांतता असते, त्यांना बरोब्बर माहीत असतं. रात्री बोलायची वेळ आलीच तर एकट्याने जायचं नाही, त्या दादांना सोबत घ्यायचं, त्यांचा शब्द तुमच्या माझ्यापेक्षा जास्त चालतो.

आता "नावावर आहे का" याचं उत्तर. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर, वाद्यं, आवाज वाढवणारी उपकरणं वाजवायला मनाई आहे. डोंगराला त्यातून सूट दिलेली नाही. वर हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे तिथे वन्यजीवांना त्रास देणं हा वेगळा गुन्हा. पोलिसांसाठी ११२ आणि महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६, हे दोन नंबर सेव्ह करून ठेवा. वर रेंज मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी रात्री कोणी तेवढा चढून येईल अशी अपेक्षा धरू नका, पण खाली उतरल्यावर तारीख आणि जागा सांगून तक्रार नोंदवा. आपण नोंदवतच नाही आणि मग म्हणतो की कोणी काही करत नाही.

आणि स्पीकर लावणाऱ्या पोरांना एक गोष्ट खरंच माहीत नसते, ती कोणीतरी शांतपणे सांगायला हवी म्हणून इथे लिहितो. त्यांना वाटतं आमचा आवाज आमच्या टेन्टपुरता. साधा हिशोब आहे, मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ८५ डेसिबल असेल तर ८० मीटरवर ६७ आणि ३२० मीटरवरसुद्धा ५५ राहतो. शहरात राहत्या वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे, म्हणजे पाव किलोमीटरच्या पलीकडे झोपलेल्या माणसालाही तुमचं गाणं मर्यादेच्या वर ऐकू येतंय. त्यात रात्री अजून एक भर पडते. दिवसा जमीन तापलेली असल्यामुळे आवाज वरच्या दिशेला वळून निघून जातो, पण निरभ्र शांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असते तेव्हा तोच आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबवर पोचतो. त्यात शहरातला ट्रॅफिकचा गोंगाट तिथे नाही, त्यामुळे बारीक आवाजही उठून दिसतो. आणि बास तर हवेत फारसा विरतच नाही, शब्द कळत नाहीत पण नुसती धडधड येत राहते, झोपलेल्या माणसाला तीच जास्त छळते.

प्रश्न: गडावर गेल्यावर आम्ही गारद देतो, महाराजांचा जयजयकार करतो. परवा एका काकांनी "आवाज करू नका, शांतता पाळा" म्हणून आम्हालाच झापलं. स्पीकर आणि गारद एकच का? (एक वाचक, सातारा)

नाही, अजिबात एक नाही. जुलै २०२५ मध्ये आपले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं, गडावर पाऊल ठेवल्यावर छाती भरून येते आणि तोंडातून जयजयकार निघतो, तो थांबवायला सांगणारा मी कोण. गारद एक-दोन मिनिटांची असते, एका ठिकाणी उभं राहून, मनापासून दिलेली, आणि संपली की संपली.

पण तुम्ही विचारलंय म्हणून मोकळेपणाने सांगतो. मी अशा ग्रुपसोबतही चाललोय जो दर वळणावर, दर दरवाज्यात, बुरुजावर, टाक्यापाशी घोषणा देत राहतो, आणि रात्री उशिरा गुहेत लोक झोपलेले असताना पुन्हा. तिथे मला वाटतं की आता भाव राहिला बाजूला आणि नुसता घसा उरला. रायगडावर राजसभेत सिंहासनाच्या जागी उभं राहून हळू आवाजात बोललेलं समोर दोनशे फुटांपलीकडे नगारखान्यापाशी ऐकू येतं, तिथे जाऊन खरंच करून बघा, एकाने इकडे कागद फाडायचा आणि दुसऱ्याने तिकडे कान द्यायचे. ज्यांनी ती जागा बांधली त्यांनी आवाजाचा इतका विचार केला होता, आणि आपण तिथे गर्दीच्या दिवशी गेलो तर आपल्याच कलकलाटात ते अनुभवताही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गारद द्या. पोचल्यावर द्या, उतरताना द्या, आजूबाजूचे लोकही सामील होतील. झोपलेल्या माणसांच्या उशाशी देऊ नका एवढंच.

प्रश्न: आमचं पवना धरणाच्या काठावर छोटं कॅम्पिंग आहे, घरचीच शेती, त्यात १२ टेन्ट. बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न "म्युझिक अलाउड आहे ना?" नाही म्हटलं तर शेजारी जातात. हो म्हटलं तर माझी स्वतःची आई रात्रभर जागी. धंदा पण करायचाय आणि गावात तोंड पण दाखवायचंय. (एक वाचक, मावळ)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आम्ही शहरातली माणसं शनिवारी येतो आणि रविवारी निघून जातो, तुमच्याकडे मात्र दर शनिवारी नवीन शनिवार असतो. आणि ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांना रविवारी पहाटे पाचला उठून धार काढायचीच असते, त्यांना वीकेंड कुठला. पाण्याकाठी तर आवाजाला अडवायला झाड नाही भिंत नाही, आणि संध्याकाळनंतर पाण्यावरची गार हवा तो पलीकडच्या काठापर्यंत नेते, त्यामुळे तुमच्या टेन्टमधला आवाज तुमच्या आईला त्रास देतोच पण समोरच्या गावातल्या कोणाच्या तरी आईलाही देतो, आणि त्यांचा तुम्हाला.

फोनवर "नाही" म्हणू नका, वेळ सांगा. "रात्री साडेनऊपर्यंत हळू आवाजात गाणी चालतील, दहानंतर काठावर पूर्ण शांतता, त्यानंतर आकाश बघायला मजा येते." हेच व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंगच्या मेसेजमध्ये, ऍडव्हान्स घ्यायच्या आधी पाठवायचं. आल्यावर सांगितलं की वाद होतो, पैसे भरायच्या आधी सांगितलं की ज्याला नको तो आधीच गळतो. आणि लहान मुलं घेऊन, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणारी कुटुंबं शांत जागा शोधतच असतात, त्यांना सापडत नाही. तुमच्या जाहिरातीत "डीजे नाईट"च्या जागी "रात्री १० नंतर शांत" असं लिहून एक सीझन बघा. पैशाची खात्री मी देऊ शकत नाही, पण ही माणसं परत परत येणारी असतात हे इतक्या वर्षांत पाहिलंय.

मात्र एकट्याने हे टिकणार नाही, तुम्ही म्हणता तेच खरं की गिऱ्हाईक शेजारी जातं. काठावरच्या सगळ्या कॅम्पवाल्यांनी एकत्र बसून दहाची वेळ ठरवायला पाहिजे, आणि ती ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्या म्हणजे कोणी एकटा वाईट ठरत नाही. कायदा तसाही तुमच्याच बाजूने आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: मी एकटी चालते तेव्हा हेडफोन लावते, कोणाला त्रास नाही. हे तरी चालेल ना? (एक वाचक, ठाणे)

इतरांना त्रास नाही हे खरं, पण दोन्ही कान बंद करू नका. आपल्याकडे वरून दगड सुटला की वरचा माणूस "दगड!" ओरडतो आणि खालच्याला अंग चोरायला दोन-तीन सेकंद मिळतात, ते तुम्हाला मिळणार नाहीत. पावसाळ्यात ओढ्याचा आवाज बदलतो तो पाणी वाढल्याचा इशारा असतो, तोही कानानेच कळतो. सपाट मळलेल्या वाटेवर एका कानात लावा, कातळटप्पा, घळ, ओढा आला की काढून खिशात.

यावरून एक सांगायचंच आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दाट धुक्यात आमच्यातला एक मुलगा वाट चुकून खालच्या घळीत उतरला. त्याच्याकडे शिट्टी होती आणि तो ती वाजवत होता, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही उभे होतो तिथे जवळच एक ग्रुप स्पीकर लावून नाचत होता. हाका मारतोय, कान देतोय, काही कळत नाही. शेवटी दोघं धावत जाऊन त्यांना हात जोडून स्पीकर बंद करायला लावला, आणि बंद झाल्यावर अर्ध्या मिनिटात शिट्टी ऐकू आली. ती पोरं वाईट नव्हती, उलट नंतर दोर घेऊन आमच्याबरोबर खाली उतरली. पण तो बंद व्हायच्या आधीचा वेळ मला अजून आठवतो. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा, आणि ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. हे सगळं ऐकू येईल इतकी शांतता आजूबाजूला असली तरच उपयोगाचं.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे, डोंगरात गेला की आनंदाने किंचाळतो, एको येतो म्हणून परत परत ओरडतो. लोक वळून बघतात. त्याला गप्प बसवू का? (एक वाचक, नाशिक)

नका बसवू. त्याला डोंगर आवडतोय, याहून चांगली बातमी नाही. एको ऐकू दे त्याला. फक्त पाच वेळा ओरडून झालं की त्याला सांगा, आता आपण डोंगराचं ऐकायचं, आणि मांडीवर घेऊन डोळे मिटून किती आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी कस्तुर शीळ घालतो, माणूसच शिट्टी मारत चाललाय असं वाटतं, तो ऐकवा. लहान मुलं हा खेळ मोठ्यांपेक्षा चांगला खेळतात. जे वळून बघतात त्यांच्याकडे बघून हसा.

प्रश्न: मे अखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार आहोत. काजव्यांना आवाजाचा त्रास होतो का? (एक वाचक, मुंबई)

काजव्यांना खरा त्रास उजेडाचा. त्यांचं चमकणं म्हणजे नराने मादीला आणि मादीने नराला दिलेली खूण असते, त्यात आपले हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश घुसले की ती खूण हरवते. गाडी लांब लावा, टॉर्चला लाल कागद लावून जमिनीकडे धरा, फोटोचा नाद सोडा, फ्लॅशने काजवा दिसतही नाही. झाडाखाली जमिनीवर फार तुडवू नका, माद्या आणि अळ्या खालीच असतात. आवाजाचा त्रास गावाला होतो, त्या दिवसांत रात्री दोन-दोनपर्यंत गाड्यांची रांग आणि हॉर्न असतात. हॉर्न न वाजवता आलात आणि गेलात तरी खूप झालं.

प्रश्न: गडावर आवाज केला की आग्या मोहोळ उठतं हे खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

फक्त आवाजानेच उठतं असं मी सरसकट म्हणणार नाही. धूर, उग्र सेंट, कोणीतरी गंमत म्हणून मारलेला दगड आणि पोळ्याच्या अगदी जवळची धावपळ, ही मोठी कारणं. पण मधमाशीला कंपनं चांगली कळतात, त्यामुळे कड्याला पोळी लटकलेली दिसली की खाली स्पीकर, फटाके, शेकोटी यातलं काहीही नको, आणि तिथे थांबायचंच नाही. उठल्याच तर हात झटकत बसू नका, तोंड-डोळे कपड्याने झाका आणि लांब पळा, पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख मारलेल्या जागेच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात, म्हणून आधी लांब जायचं आणि मग काटे नखाने खरवडून काढायचे. डंख खूप असतील, श्वास लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा.