घरी डायलिसिस करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी

डायलिसिस घरी करावे की केंद्रात, हा प्रश्न डॉक्टरांनी तुमच्यापुढे ठेवला आहे, म्हणून अनुभवाने जे कळले ते लिहितो. केंद्रातील हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त फिरवून शुद्ध करणे, साधारणपणे आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येकी सुमारे 4 तासांचे असते. घरी करायचे पोटाचे डायलिसिस, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून द्रव सोडून रक्त शुद्ध करणे, मात्र बहुतेकांना रोज करावे लागते. हाताने करायचे झाल्यास बहुधा दिवसातून 4 वेळा सुमारे 2 लिटर द्रव पोटात सोडावा व काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. यंत्र घेतल्यास बरेचसे काम रात्री झोपेत होते. नोकरी टिकवायची असलेले किंवा सुईची धास्ती घेतलेले रुग्ण म्हणूनच हा मार्ग निवडतात.

नकार देणाऱ्यांची कारणेही तितकीच खरी आहेत आणि त्यांना भित्रे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. द्रवाच्या खोक्यांनी खोली भरते आणि जोडीदारावर नकळत शुश्रूषेचा भार पडतो. म्हणून डॉक्टरांशी बोलताना जोडीदारालाही अवश्य सोबत न्यावे. सर्वांत मोठी भीती संसर्गाची असते. नळी जोडताना खिडकी व पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले, हा क्रम कितीही कंटाळा आला तरी मोडू नये. पोटातून निघालेल्या द्रवाची पिशवी छापील मजकुरावर ठेवून पाहावी. अक्षरे धूसर दिसली, तर द्रव गढूळ झाला आहे आणि संसर्गाची शक्यता आहे असे समजून, पोट दुखण्याची वाट न पाहता लगेच केंद्राला फोन करावा आणि ती पिशवी तपासणीसाठी जपून ठेवावी. घरी जमले नाही, तर केंद्रात उपचार कसे सुरू होतील, हेही डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.