नाताळ आणि ईस्टरच्या मधलं वर्ष

एका ताईंनी लिहिलंय, "आम्ही दोघंही नोकरी करतो, इथलं चर्च इंग्लिशमध्ये, मुलगा चौदाचा, मुलगी आठची. नाताळ आणि ईस्टर सोडलं तर आमच्या घरात विश्वासाचं काही दिसतच नाही. मुलं म्हणतात बोअर होतं. सुरुवात कुठून करू?"

ताई, आधी एक सांगते, यात तुमचं काही चुकलंय असं धरून बसू नका. लहानपणी घरातली मोठी माणसं सगळं लावून द्यायची, आपण नुसतं जाऊन बसायचो, आणि इथे परदेशात आल्यावर अचानक लावून देणारे आपणच असतो, तेही दिवसभराच्या कामानंतर, थकलेले. म्हणून नवीन काही शोधायच्या भानगडीत पडू नका. चर्चचं वर्ष आधीपासून आखलेलं आहे, त्याच्या मागोमाग चालायचं आणि प्रत्येक काळात घरात एकच गोष्ट करायची, पण ती हाताने करायची असावी, नुसती ऐकायची नाही.

आगमनकाळापासून धरा, कारण चर्चचं नवीन वर्ष तिथेच सुरू होतं, नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. या काळात दर रविवारी एक एक मेणबत्ती जास्त पेटवतात त्या गोल चक्राची गोष्ट मुलांना जरूर सांगा. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विचर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवायचे, आणि ती मुलं रोज विचारायची की नाताळ कधी, नाताळ कधी, तर १८३९ साली त्यांनी एक मोठं चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. म्हणजे ही पद्धत मुळात मुलांना वाट बघायला शिकवण्यासाठीच निघाली. आमच्याकडे नुसत्या चार असतात. रविवारी संध्याकाळी घरातले बाकीचे सगळे दिवे बंद करतो, पहिल्या आठवड्यात एकाच ज्योतीत एकमेकांचे चेहरेसुद्धा नीट दिसत नाहीत, चौथ्या आठवड्यात पुस्तकातली अक्षरं दिसायला लागतात. हे शब्दांत समजवायला गेलात तर मुलं जांभया देतील.

नाताळच्या देखाव्यात गव्हाणीतली बाळ येशूची जागा २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मागी लोक, म्हणजे बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, त्यांच्या मूर्ती घराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या शेल्फवर ठेवा आणि आठ वर्षांच्या मुलीला सांगा की रोज थोडं थोडं पुढे सरकव, पोहोचायचं मात्र ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला. दुकानं नाताळ नोव्हेंबरातच सुरू करतात आणि २६ डिसेंबरला गुंडाळतात, चर्चमध्ये तो २५ डिसेंबरला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो. तेव्हा पार्ट्या संपल्या म्हणून लगेच सगळं उतरवू नका.

आणि या बारा दिवसांत बायबलमधला मत्तय दोनचा तेरा ते पंधरा हा भाग वाचाच. योसेफ रात्रीच उठतो, बाळाला आणि मरियेला घेऊन मिसरात निघून जातो. परक्या देशातलं कुटुंब, ओळखीचं कोणी नाही. आपल्या मुलांना हे दुसऱ्यांपेक्षा लवकर कळतं, कधीकधी आपल्यापेक्षाही लवकर. वाचून झालं की एकट्या राहणाऱ्या कोणाला तरी घरी बोलवा, नवीन आलेला स्टुडंट, सुट्टीतही ड्यूटी असलेली नर्स, कोणीही. प्रभू मत्तय पंचविसात म्हणतो की मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं. परकं असणं काय असतं हे आपल्याला माहितेय, त्यामुळे हे काम आपल्याकडे सगळ्यात आधी येतं असं मला मनापासून वाटतं.

मग ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस मोजले तर ४६ भरतात, मुलं मोजतातच आणि विचारतात की चाळीस कसे, तर रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा. बऱ्याच चर्चमध्ये त्या बुधवारी कपाळावर लावायची राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते, हेही सांगा. लहान मुलांना उपाशी ठेवू नका. कॅथलिक नियमातसुद्धा उपास १८ ते ५९ वयाला आहे आणि मांस वर्ज्य करणं १४ पासून, म्हणजे तुमच्या मुलाला आता स्वतःहून ठरवता येईल असं काहीतरी आहे, त्याला विचारून बघा, लादू नका. यशया अठ्ठावन्न सांगतं की आपली भाकर भुकेल्याला वाटणं हा खरा उपास, तेव्हा जे सोडाल त्याचे वाचलेले पैसे एका डब्यात टाका आणि ईस्टरच्या आधी कुठे द्यायचे ते मुलांना ठरवू द्या. फक्त सोडलं आणि दिलं काहीच नाही, तर ते डाएट झालं.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, आमच्याकडे एकमेकांचे पाय धुतो. टबात कोमट पाणी, एक टॉवेल, प्रभू शिष्यांचे पाय धुतो ते योहान तेरा वाचायचं, बस. आमचा मुलगा तुमच्या मुलाच्याच वयाचा होता तेव्हा म्हणाला, मी नाही, मला ऑकवर्ड होतं. ठीक आहे म्हटलं, बसून राहा. त्या वर्षी त्याची आजी आलेली होती, तिला खाली वाकता येत नाही, गुडघ्यांचा त्रास, आणि तिची पाळी आली तसा तो काही न बोलता उठला, खाली बसला आणि तिच्या भेगा पडलेल्या टाचा हळूहळू पुसत राहिला, बोटांच्या मधलं पाणीसुद्धा टिपलं. आजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मराठीत प्रार्थना करत होती, त्याला त्यातले सगळे शब्द कळले असतील असं नाही.

रजेचं मात्र आधीच बघा. अमेरिकेत उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) फेडरल सुट्टी नाही, आणि आखातात बऱ्याच ठिकाणी रविवारची उपासना शुक्रवारी असते. तारखा आताच मार्क करून ठेवा, २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला, बुधवार १ मार्चला.

ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही, पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस आहेत. उपवासकाळ शिस्तीत पाळणारे आपण आनंदाचे दिवस मात्र विसरतो. आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस, हा तर आपल्यासारख्यांचाच सण. प्रेषितांची कृत्ये दोनमध्ये लोक चकित होतात ते कशाने, तर शिष्य बोलतात आणि प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत देवाची थोर कामं ऐकू येतात. सगळ्यांनी एकच भाषा बोला असं तिथे कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी हाच भाग घरात मराठीत वाचा, मुलं अडखळली तरी चालेल, मग त्यांना त्यांच्या भाषेत वाचू द्या, दोन्ही तितकंच खरं.

बाकी वर्षातला मोठा भाग साधा काळ, चर्चमध्ये तेव्हा हिरवा रंग वापरतात, मोठा सण काहीच नाही. मला वाटतं घर उभं राहतं ते याच महिन्यांत, म्हणून सुरुवात कुठून हे विचारलंत तर माझं उत्तर शनिवारची रात्र. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट अशा बऱ्याच चर्चमध्ये रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात ठरलेले असतात, मत्तयाचं वर्ष, मार्कचं, लूकचं, म्हणजे उद्या काय वाचणार ते आज कळतं. तोच शुभवर्तमानाचा भाग झोपायच्या आधी मराठी बायबलमधून वाचा, पाच मिनिटं लागतात, आणि मग सकाळी तेच इंग्लिशमध्ये सुरू झालं की मुलगी तुमचा हात ओढून म्हणेल, हे आपण काल वाचलं. तुमच्या चर्चमध्ये असं कॅलेंडर पाळत नसतील तरी घरात पाळायला कोणाची हरकत नसते.

मुलगा येत नसेल तर ओढून आणू नका. त्याला वाचायला सांगू नका, फक्त मेणबत्ती पेटवायचं काम द्या आणि ते दुसऱ्या कोणाला देऊ नका. आमच्याकडे पहिलं वर्ष तेवढ्यावरच गेलं.