पिस्तुलावर रेड डॉट बसवल्यावर लोखंडी साइट्स ठेवाव्यात का?

भाऊ, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ऑप्टिक-रेडी (वर काचेची साइट बसवायची सोय असलेल्या) पिस्तुलावर रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी, बॅटरीवर चालणारी साइट) बसवल्यावर लोखंडी साइट्स (नेम धरायचे पुढचे-मागचे साधे धातूचे भाग) काढून टाकाव्यात का, ठेवल्या तर डॉट त्यांच्यावरच आणून बसवावा का, आणि धुळ्याचं ऊन-धूळ या काचेला झेपेल का. साइट्स ठेवा. डॉट त्यांच्यावर आणून बसवू नका. ऊन झेपतं, त्रास देते ती धूळ.

आधी उंचीचं बघू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. कंपनीची फोरसाइट (नळीच्या टोकाकडची पुढची साइट; मागची ती बॅकसाइट) साधारण 4-5 मिमी उंच असते. रेड डॉट बसवला की ती काचेच्या खालच्या कडेमागे झाकली जाते आणि मग असून नसल्यासारखीच. म्हणून सप्रेसर-हाइट नावाने मिळणाऱ्या उंच साइट्स लागतात. आकडा दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. डॉट त्याच्या खालच्या प्लेटसकट बसवा, व्हर्नियरने स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) माथ्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्या, आणि बॅकसाइटचा माथा त्याच्या दीड-दोन मिमी वर येईल असा सेट घ्या. काचेच्या खिडकीचा खालचा चौथा-तिसरा हिस्सा साइट्सनी व्यापला तर ठीक. त्याहून जास्त झाला तर समोरचं दिसणं कमी होतं. फोरसाइट-बॅकसाइट जोडीनेच बदला. एकच बदलली तर गोळ्या वर किंवा खाली जाणारच. मागची साधी काळी असू द्या, पुढच्या टिपेवर हवा तर पांढरा ठिपका. मागेही तीन ठिपके चमकत असले की लाल डॉटच्या गर्दीत नजर भलतीकडेच अडकते.

आता झिरोइंग, म्हणजे नेम जिथे तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवणं. दोन्ही साइट्स वेगवेगळ्या झिरो करायच्या. डॉट बंद करा, 15 मीटरवर पिस्तूल सँडबॅगवर टेकवा आणि लोखंडी साइट्सनी पाच गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा झुबका) काढा. ग्रुप डावीकडे असेल तर बॅकसाइट उजवीकडे सरकवा. बॅकसाइट ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला गोळी जाते, फोरसाइटचं उलट. उंचीचा हिशेब सोपा आहे: साइट्समधलं अंतर गुणिले चूक, भागिले टार्गेटचं अंतर. साइट्समध्ये 165 मिमी अंतर असेल आणि 15 मीटरवर ग्रुप 50 मिमी वर लागत असेल, तर 165 × 50 ÷ 15000, म्हणजे 0.55 मिमी. तेवढी फोरसाइट उंच हवी.

मग डॉट चालू करा आणि लोखंडी साइट्स विसरून नव्याने ग्रुप काढा. बहुतेक पिस्तूल-डॉटवर डॉट सरकवणाऱ्या स्क्रूचा एक क्लिक 1 एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) असतो, तरी माहितीपुस्तिका पाहाच. 1 एमओए म्हणजे 15 मीटरवर 4.4 मिमी आणि 25 मीटरवर 7.3 मिमी. ग्रुप 40 मिमी डावीकडे असेल तर 15 मीटरवर नऊ क्लिक उजवीकडे. दोन-तीन गोळ्यांवरून क्लिक फिरवू नका; त्यात तुमच्या ट्रिगरची चूक डॉटच्या नावावर जाते. सुरुवातीला कागदावर गोळी लागावी एवढ्यापुरता डॉट फोरसाइटच्या टिपेजवळ आणायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. लोखंडी साइट्स मुळात दोन बोटं डावीकडे मारत असतील, तर तीच चूक तुम्ही डॉटमध्ये उतरवता.

दोन्ही एकाच अंतरावर नीट झिरो झाल्या की साइट्स जुळवल्यावर डॉट फोरसाइटच्या माथ्यावर टेकलेला दिसतो. माझ्या मते लोखंडी साइट्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, साइट्स जुळवा, डॉट कुठे आहे ते बघा. काल माथ्यावर होता आणि आज उजवीकडे सरकलेला दिसतोय, म्हणजे काहीतरी हललं आहे. एकही गोळी न झाडता हे कळतं. बहुतेक वेळा हललेला असतो तो स्क्रू.

स्क्रूकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. स्लाइड दर गोळीला झटक्याने मागे-पुढे होते आणि डॉट तिच्यावरच बसलेला असतो. भोकं आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल पूर्ण काढा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं द्रावण) अगदी थेंबभर लावा, आणि टॉर्क-ड्रायव्हरने आवळा. साधारण 12 ते 15 इंच-पाउंड, म्हणजे 1.4 ते 1.7 न्यूटन-मीटर, कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. 24 तास हात लावू नका. मग स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत पेंट-मार्करने एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. स्क्रूची लांबीही तपासा: काही स्लाइडमध्ये लांब स्क्रू खाली एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या) यंत्रणेवर टेकतो आणि पुंगळी अडकायला लागते.

लोखंडी साइट्स कशातून वाचवतात आणि कशातून नाही, हेही समजून घ्या. बॅटरी संपली किंवा एलईडी गेला, काच स्वच्छ आहे, तर त्या कामाला येतात. पण त्या काचेतूनच पाहायच्या असतात. जिनिंगजवळची कापसाची तूस, वावरातली माती किंवा जुलैत एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर धरलेलं धुकं, यात साइट्सही झाकल्या जातात. काचेची फक्त पुढची बाजू माखली असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवा, नजर टार्गेटवर ठेवा. डॉट तरीही टार्गेटवर दिसतो. पुढून कागदी टेप लावून, रिकाम्या पिस्तुलावर याचा सराव करता येतो. उघड्या एमिटरवर (डॉटचा प्रकाश काचेवर टाकणाऱ्या दिव्यावर) मात्र मातीचा एक कण पुरतो, डॉट फुटतो किंवा नाहीसा होतो. आपल्याकडची धूळ पाहता बंद एमिटरचा डॉट घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात.

नजरेची सवय वेगळी लागते. डॉटला नजर टार्गेटवर, लोखंडी साइट्सना फोरसाइटच्या टिपेवर. म्हणून प्रत्येक सरावात थोड्या गोळ्या डॉट बंद करून मारा. उलट, पिस्तूल वर आणताना दर वेळी साइट्स जुळवून डॉट शोधत बसू नका, त्याने वेग मरतो. डॉट खिडकीच्या वरून निसटला तर नळी वर गेली आहे, एवढं लक्षात ठेवून ती खाली आणा.

बॅटरी, बहुतेक सीआर 2032 किंवा सीआर 1632, दर आखाजीला बदला, चालू असली तरी. बॅटरी खालून बसत असेल तर डॉट काढावा लागतो, मग झिरो पुन्हा तपासा. मे महिन्यात बंद गाडीत पिस्तूल ठेवू नका. डॅशबोर्ड 60 अंशांच्या वर जातो, आणि शस्त्र गाडीत सोडून जाणं तसंही चूकच.

तुम्ही बोअर (नळीचं माप) लिहिलेला नाही. 9 मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सर्वसामान्य परवान्यावर ते मिळत नाही. .32 च्या साध्या पिस्तुलाची स्लाइड डॉटसाठी कापून घ्यायचा विचार असेल, तर शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार असं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं लागतं. ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धांत उतरायचं असेल तर तिथे पिस्तुलाला फक्त उघड्या साइट्स चालतात, डॉट काढूनच जावं लागेल.