पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाशिवाय काय पाहावं?

आधी महाद्वारात थांबा. तिथे नामदेव पायरी, आणि तिच्यासमोरच संत चोखामेळा म्हणजे चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्या समाधीपुढे आज वारकरी आधी वाकतात. दलितांना मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. माझ्यासाठी पंढरपूर म्हणजे ही दहा पावलांची जागा.

मग चंद्रभागेचं वाळवंट, पुंडलिकाचं देऊळ, होळकर वाडा. संध्याकाळी विष्णुपद, गोपाळपूर. निवांत बघायचं असेल तर एकादशी टाळा. निघताना बुक्का आणि चुरमुरे घ्याच.