अळी धाग्याला लोंबकळते, मरत नाही

प्रश्न : वीस गुंठे कोबी लावून महिना झाला. पानांना भोकं पडलीत. दर आठ दिवसांनी दुकानातलं तेच औषध फवारतो. चार दिवस बरं वाटतं, मग अळ्या परत दिसतात. हात लावला की धाग्याला लोंबकळतात. मोहरी लावून फरक पडतो का?
– एक वाचक भगिनी, गिरणारे, जि. नाशिक

उत्तर : ताई, धाग्याचं लिहिलंत ते बरं केलंत. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. दिवेलागणीला कोबीत जाऊन पानं हलवा. गव्हाच्या दाण्याहून जरा लांब, करडे पतंग उडतील. पंख मिटून बसले की पाठीवर शंकरपाळ्यांसारखे फिकट ठिपके ओळीने दिसतात. अळी पोपटी, दोन्ही टोकांना निमुळती. बारकी असताना पान खालून खरवडते आणि वरचा पापुद्रा ठेवते. ते पान उन्हाकडे धरा, खिडकीच्या काचेसारखं दिसेल.

घोटाळा ‘तेच औषध’मध्ये आहे, अळी त्याला सरावते. मखमलाबादला मीही एका हंगामात एकाच बाटलीच्या सात फवारण्या केल्या. व्यापाऱ्यानं निम्मे गड्डे बाजूला काढले. दुकानदाराला काय बोलणार, बाटली मीच मागत होतो! या किडीनं 1953 मध्येच जावा बेटावर डीडीटी हे कीटकनाशक पचवलं होतं, आपली बाटली काय चीज.

आता 5 टक्के निंबोळी अर्क घ्या : पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळा, शंभर लिटर पाणी करा. पुढची फवारणी बीटीची (अळी मारणाऱ्या जिवाणूंचं औषध), तीही संध्याकाळी, कारण उन्हात ती लवकर निकामी होते. रासायनिक लागलंच तर औषधाचा रासायनिक गट बदलून, नुसतं बाटलीवरचं नाव बदलून नव्हे. कोबीच्या पानावरून पाणी घरंगळतं, म्हणून औषध पानाला चिकटवणारं स्टिकर टाकाच आणि नोझल खालून वर धरा.

मोहरीचं खरं आहे, पण या कोबीला उशीर झाला. पुढच्या वेळी कोबीच्या दर 25 ओळींना दोन्ही कडांनी मोहरी पेरा : एक ओळ लागवडीआधी 15 दिवस, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. पतंग कोबी सोडून तिच्यावर अंडी घालायला जातात. त्या मोहरीचा पाला मात्र भाजीला खुडू नका, औषध तिच्यावरच मारायचं असतं.